रिमॅपच्या आधी हेड खोललं: लिनिया टी-जेटची खटपट

कोल्हापुरात टर्बो पेट्रोल गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ‘रिमॅप केलास का?’ आणि लगेच दुसरा ‘मग हेड गॅस्केट कधी उडालं?’ (रिमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलून ताकद वाढवणं; हेड गॅस्केट म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं पॅकिंग.) या दोन्हींच्या मधे काय काय करता येतं, यावर फारसं कुणी बोलत नाही. मी जुनी फियाट लिनिया टी-जेट घेतली ती रिमॅप करायचीच या हिशेबानं, आणि गॅस्केट उडू द्यायचं नाही हेही तेव्हाच ठरवून. त्या मधल्या उद्योगाबद्दल हे लिहितोय.

गाडी रांजणगावला बनलेली. इंजिन १३६८ सीसी, बोअर ७२ मिलिमीटर, स्ट्रोक ८४, ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. कंपनीतून ११४ पीएस आणि २०७ न्यूटन-मीटर. याच १.४ टी-जेट कुटुंबातलं इंजिन फियाटनं २०१५ ला अबार्थ पुंटोत दिलं, तेव्हा ताकद १४५ पीएस झाली. पण टॉर्क? फक्त २१२. म्हणजे ३१ पीएस वाढले आणि टॉर्क पाचानं. मला हा आकडा फार बोलका वाटला. फियाटच्या माणसांनी खालच्या आरपीएमला इंजिनाची पाठ मोडेल असा धक्का न देता, तोच टॉर्क वरपर्यंत टिकवून धरला होता. आपल्याकडे मात्र रिमॅप विकणारा आधी टॉर्कच सांगतो, आणि घेणाराही तोच ऐकून खूश होतो.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या क्वालिटी खात्यात आहे. दिवसभर कास्टिंग बघायची, भोकं मोजायची, पृष्ठभागाचा खडबडीतपणा तपासायचा. त्यामुळे कॅल्क्युलेटर आधी हातात येतो, पाना नंतर. ७२ च्या बोअरचं क्षेत्रफळ साधारण ४०.७ चौरस सेंटिमीटर. सिलिंडरमधला दाब क्षणभर ८० बारपर्यंत चढला, तर हेडला वर ढकलणारं बल होतं सव्वातीन टनांच्या वर. तोच दाब १०० बार झाला की चार टनांच्या पुढे. प्रत्येक स्फोटाला हेड इतक्या जोरानं उचललं जायला बघतं, आणि त्याला धरून ठेवतात भोवतालचे चार बोल्ट. टर्बोचा बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, स्वतः एखाद-दीड बारचा. तो काही हेड उचलत नाही. बूस्टमुळे आत जास्त हवा येते, जास्त पेट्रोल जळतं आणि जळतानाचा दाब चढतो. त्यात नॉकिंग झालं, म्हणजे ज्वाला पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकलं, तर दाबाचा काटेरी सुळका उठतो. गॅस्केटची कड, तीही दोन सिलिंडरमधल्या अरुंद पट्टीवरची, अशा सुळक्यांनी खचते.

तेव्हा काम तीन ठिकाणी होतं: हेड घट्ट आणि सपाट बसवणं, ते तापू न देणं, आणि नॉकिंग होऊ न देणं. सगळे मित्र पहिल्यावरच अडलेले. ‘जाड स्टड टाक, तांब्याचं गॅस्केट बनवून घे.’ (स्टड म्हणजे हेडच्या बोल्टऐवजी बसवायचे, दोन्हीकडे आटे असलेले रॉड.) तांब्याचं गॅस्केट ड्रॅगच्या गाडीला ठीक, तिथं हेड सारखं खोलायचंच असतं. रोज ऑफिसला जायच्या आणि पावसाळ्यात गगनबावड्याला न्यायच्या गाडीत ते पाणी झिरपवत बसतं.

गाडी घरी आणल्यावर आधी कूलिंग बघितलं, आणि तिथंच बरंच काही सापडलं. एक्स्पान्शन टाकीत कूलंटच्या जागी चहाच्या रंगाचं पाणी. थर्मोस्टॅट गायब. आधीच्या मालकाला कुठल्यातरी गॅरेजवाल्यानं ‘आपल्याकडं याची गरज न्हाई’ म्हणून काढून दिला होता. हा सल्ला आपल्याकडे इतका पसरलाय की जुनी गाडी घेताना थर्मोस्टॅट आहे का हे बघावंच लागतं. तो नसला की सपाटीवर इंजिन नीट तापतच नाही, ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) ते थंड वाटतं म्हणून तो जास्त पेट्रोल सोडत राहतो, तेल लवकर खराब होतं. आणि ज्या इंजिनात थर्मोस्टॅट बायपासचा रस्ताही बंद करतो, तिथं तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता तसाच परत इंजिनात फिरतो. म्हणजे सपाटीला गार आणि घाटात गरम. बीड आणि ॲल्युमिनियम यांना हाच खेळ सगळ्यात जास्त त्रास देतो.

का, तेही मोजून बघितलं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. हेडची लांबी ४०० मिलिमीटर धरली आणि तापमान ८० अंशांनी चढलं, तर हेड पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढतं, ब्लॉक त्याच्या निम्मा. मधला सुमारे ०.४ मिलिमीटरचा फरक गॅस्केटवर घासला जातो. प्रत्येक वेळी इंजिन तापताना एकदा आणि निवताना एकदा. त्यात हेड कुठं जास्त, कुठं कमी तापलं, तर घासण्याबरोबर वाकणंही आलं.

म्हणून हेड खोलायचं की नाही हे ठरवायला आधी चाचण्या केल्या. कॉम्प्रेशन सगळीकडे एकसारखं होतं, पण त्यावर मी फार विसंबत नाही. लीकडाउन चाचणीत पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. कुठून गळते हे कान लावून कळतं: सायलेन्सरमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व, तेलाच्या झाकणातून आला तर रिंगा, आणि टाकीत बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा. तीन सिलिंडर गप्प. एकाला टाकीत अगदी बारीक बुडबुडा यायचा, तोही इंजिन गार असताना. निळ्या द्रवाच्या चाचणीत टाकीतली हवा त्या द्रवातून ओढतात. ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असला की निळा पिवळा होतो. माझा पिवळा झाला नाही, पण हिरवट झाला म्हणायला हरकत नव्हती. त्या अवस्थेत गाडी वर्षभर सहज चालली असती. वर बूस्ट वाढवला असता तर चालली नसती.

हेड उतरवलं आमच्याच गल्लीतल्या मिस्त्रींनी. इंजिन पूर्ण गार असतानाच, आणि बोल्ट बाहेरून आत या क्रमानं थोडे थोडे ढिले करत. गरम हेड सोडलं की ते वाकायला मोकळं होतं. मग ते पोत्यात गुंडाळून उद्यमनगरला.

ज्यांनी उद्यमनगर बघितलेलं नाही त्यांना सांगायचं तर तिथं एका बोळात क्रँक ग्राइंडिंग, पुढच्या बोळात बोअरिंग, त्याच्या पलीकडे व्हॉल्व सीट बसवणारा. पाण्याच्या पंपाचं आणि ऑइल इंजिनाचं काम करत करत इथली माणसं तयार झाली. मी ज्यांच्याकडे जातो त्या आबांचा हात असा की फिलर गेज (फट मोजायच्या पात्या) लावण्याआधीच त्यांना कुठं खड्डा आहे ते समजतं. स्ट्रेट एज तिरपा ठेवून बघितलं, तर ०.०७ मिलिमीटरची पाती आत जात होती. सर्वसाधारण मर्यादा ०.०५ धरतात. वाकलंय, पण फार नाही.

‘फेसिंग मारतो. किती काढू?’

‘कमीत कमी, आबा. सपाट होण्यापुरतं.’

‘थोडं जास्त काढलं तर पिकअप वाढतंय की.’

वाढतो, आणि तोच प्रश्न आहे. हेडचं मटेरियल काढलं की दहनकक्ष लहान होतो. या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो ९.८, पाव मिलिमीटर काढलं तर तो १० होतो. बिनटर्बोच्या गाडीत हे फुकटचं बक्षीस. टर्बोत मात्र तेवढी नॉकिंगची सवलत गेली. ०.१ मिलिमीटरवर थांबलो.

खरा वाद झाला फिनिशवर. हल्लीची गॅस्केट एमएलएस, म्हणजे स्प्रिंग स्टीलच्या पातळ पत्र्यांचे थर, वर रबराचा अगदी पातळ लेप. जुन्या कंपोझिट पॅकिंगला जरा खडबडीत पृष्ठभाग चालायचा, ते दबून खाचा भरायचं. एमएलएसचा लेप इतका पातळ असतो की कटरच्या खाचा खोल असतील तर त्या भरतच नाहीत. पाणी आणि गॅस त्यातून वाट काढतात. त्यातून वर सांगितलेलं ०.४ मिलिमीटरचं घासणं. खरखरीत पृष्ठभागावर लेप खरवडला जातो. एमएलएससाठी आरए (खडबडीतपणाचं सरासरी माप) ०.८ मायक्रॉन किंवा त्याहून गुळगुळीत लागतो. पहिल्या पासनंतर मी खात्यातून मागून आणलेला रफनेस टेस्टर ठेवला, तर १.६ च्या आसपास.

‘काय सांगालास? नखाला लागत न्हाई बघ.’

‘नखाला न्हाई लागत आबा, पण यंत्राला लागतंय.’

‘अरं, डिझेलच्या हेडला जन्मभर असंच मारतोय मी.’

यावर मी काही बोललो नाही. आबांनी बिडी संपवली, मग स्वतःच फीड (कटर सरकायचा वेग) अगदी सावकाश केली, इन्सर्ट (कटरचं पातं) नवा लावला आणि शेवटचा पास केसभर घेतला. ०.६ आला. आबांनी टेस्टरचा पडदा स्वतः बघितला आणि पोराला ओरडून सांगितलं, की पुढं टर्बोच्या हेडला हीच फीड. मला वाटतं, ही माझी या सगळ्या उद्योगातली मोठी कमाई.

ब्लॉक गाडीतच होता, त्याला मशीनवर नेणं शक्य नव्हतं. तो प्लॅस्टिकच्या खुरपणीनं आणि सॉल्व्हंटनं साफ केला. इथं पॉलिश पेपर किंवा ग्राइंडरला लावायची खरखरीत चकती वापरायचा मोह होतो, आणि बहुतेक ठिकाणी तेच करतात. चकती मऊ जागी खड्डा पाडते, आणि तिचे कण तेलाच्या मार्गात गेले की बेअरिंगला ते एमरीच. मिस्त्रींच्या हातातून चकती काढून घेणं हा नाजूक प्रसंग होता. चहा पाजून निभावला.

नंतर बोल्ट. स्टडचा आग्रह मी मोडून काढला. माझं उद्दिष्ट १४५ पीएस, जे या इंजिनाच्या भावंडानं कंपनीच्या वॉरंटीत दिलं. त्यासाठी नवे कंपनीचे बोल्ट पुरतात. जास्त ताकदीचे स्टड जास्त जोरानं दाबतात, पण त्या दाबानं बोअरचा गोलपणा किंचित बिघडतो. पुढच्या पायरीला जाणाऱ्यानं स्टड घालूनच बोअर होन करावा (आतून घासून गोल करावा). मला तेवढं जायचं नव्हतं. जुने बोल्ट मात्र परत वापरायचे नाहीत, कारण ते एकदा ताणमर्यादेपर्यंत ताणले गेलेले असतात. फियाटनं भारतात गाड्या विकणं थांबवलंय, त्यामुळे बोल्ट आणि गॅस्केट मिळवायला वेळ लागला. तो भाग कंटाळवाणा आहे, सोडून देतो.

बोल्टची भोकं खालून बंद असतात. हेड उतरवताना त्यात पाणी आणि तेल साचतं. ते न काढता बोल्ट आवळला, तर द्रव दबत नाही. टॉर्क रेंच टक्क करतो आणि माणूस समजतो आवळलं, प्रत्यक्षात बोल्ट द्रवावर टेकलेला. नशीब वाईट असेल तर ब्लॉकला तडा. म्हणून प्रत्येक भोकात धागे साफ करणारा टॅप हातानं फिरवला, ब्रेक क्लीनर मारला, कॉम्प्रेसरची हवा मारली, आणि कापडाची वळी घालून कोरडं असल्याची खात्री केली.

आवळताना आपण लावलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के धाग्यांत, आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायला उरतो. म्हणजे एका बोल्टला तेल लागलं आणि दुसऱ्याला नाही, तर टॉर्क तोच असूनही ताण वेगळा. म्हणून मॅन्युअल आधी थोडा टॉर्क आणि मग अंश सांगतं. अंशाला घर्षणाशी देणंघेणं नाही. बोल्ट जेवढा फिरला तेवढा पिचच्या हिशेबानं खाली उतरणारच. मधल्या बोल्टपासून बाहेर, मॅन्युअलच्या क्रमानं, दहाही बोल्ट. मिस्त्री पान्यावर, मी कोनाच्या डायलवर. गॅस्केटवर कसलाही सिलिकॉन किंवा स्प्रे नाही.

जोडणीनंतर कूलिंगला परत वेळ दिला, कारण खरी राखण तिथंच आहे. नवा थर्मोस्टॅट, नवा पंप, रेडिएटर आतून धुऊन घेतला, फॅनच्या दोन्ही स्पीड चालतात का बघितल्या. पाणी डिस्टिल्ड, बोअरचं पाणी इथं बऱ्याच भागांत जड आहे, त्याचे क्षार हेडच्या अरुंद वाटांत बसतात. निम्मं कूलंट, निम्मं पाणी. आणि टाकीचं झाकण नवं. झाकणाला लोक किंमत देत नाहीत, पण कुकरच्या शिट्टीचं जे काम तेच त्याचं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्यानं उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांनाच उकळतं. बाहेरच्यापेक्षा एक बार जास्त दाब ठेवला की ते १२० च्या आसपास जातं. स्प्रिंग थकलेलं झाकण दाब धरत नाही, आणि मग एक्झॉस्ट व्हॉल्वजवळ वाफेचे खिसे होतात. तिथला धातू भाजत असतो आणि डॅशबोर्डचा काटा मधोमध शांत असतो. तो काटा बऱ्याच गाड्यांत मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, म्हणून मी ओबीडीचा (गाडीच्या निदान-सॉकेटमधून मिळणारा) आकडा बघतो. हवा काढायला पुढचं चाक उतारावर वर करून, हीटर चालू ठेवून, हवा काढायचे स्क्रू एकेक उघडले. कूलंट सलग येईपर्यंत घाई केली नाही.

आता रिमॅप. ट्यूनरला (रिमॅप करणाऱ्याला) मी पहिलीच अट घातली: २५०० आरपीएमच्या खाली बूस्ट पूर्ण द्यायचा नाही. तो जरा नाराज झाला, कारण गाडीतून उतरल्यावर माणूस ‘काय धक्का आहे’ म्हणतो तो तिथलाच असतो. पण खालच्या आरपीएमला पिस्टन सावकाश सरकतो, मिश्रणाला आपोआप भडकायला वेळ मिळतो. नॉकिंगची आणि उच्च दाबाची जत्रा तिथंच भरते. वर ५५०० ला तीच ताकद कमी दाबात मिळते, कारण स्फोट जास्त होतात. अबार्थचा हिशेब हाच.

प्लग एक पायरी थंड, गॅप थोडा कमी. इंधनाचा प्रश्न मजेदार आहे. आता पंपावर मिळतं ते ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल), आणि त्यातलं इथेनॉल उसापासूनही येतं, म्हणजे आमच्याच परिसरातल्या कारखान्यांचा माल असायची शक्यता मोठी. इथेनॉल बाष्प होताना पेट्रोलपेक्षा अडीचपट उष्णता शोषतं, त्यानं आतली हवा थंड होते. ऑक्टेनही चढतं, ई-२० चा निकष ९५ आरओएनचा. नॉकिंगच्या दृष्टीनं हे चांगलंच. पण शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर ते सांभाळून घेतो. पूर्ण पॅडलला गाडी नकाशावर, म्हणजे ईसीयूत आधीच भरलेल्या आकड्यांवर, चालते. नकाशा जुन्या पेट्रोलचा असेल तर मिश्रण पातळ होतं, आणि बूस्टवर पातळ म्हणजे गरम. म्हणून वाइडबँड (हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजणारा सेन्सर) लावून ई-२० वरच ट्यून केलं. माझी गाडी ई-२० साठी बनलेली नाही, त्यामुळे इंधनाच्या जुन्या नळ्याही आधीच बदलल्या.

तपासणीला वाघबिळापासून पन्हाळ्याचा चढ. एप्रिलची दुपार मुद्दाम निवडली. लॉगमध्ये चार रकाने: कूलंट, आत येणाऱ्या हवेचं तापमान, बूस्ट, आणि ईसीयूनं नॉकिंगमुळे किती टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतलं. कूलंट शंभराच्या आत राहिलं. पण चढाच्या वरच्या टप्प्यात आतली हवा साठीकडे सरकली आणि टायमिंग दोन-तीन अंश मागे जायला लागलं. ईसीयू आपलं काम करत होता, पण मला तेवढ्यावर राहायचं नव्हतं. ट्यूनरनं हवा ५० अंशांच्या वर गेली की बूस्ट आपोआप उतरेल अशी पायरी घातली. पुढच्या चढाला गाडी वरच्या वळणांत किंचित मंद वाटली, लॉग स्वच्छ आला.

मग राहतो तो चालवणारा. कारखाने सुरू झाले की आमच्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. त्यांच्या मागे तिसऱ्या-चौथ्या गिअरला रांगायचं, आणि समोर मोकळं दिसलं की आहे त्या गिअरला पॅडल दाबायचं, ही आपली सगळ्यांची सवय. पंधराशे आरपीएम, चौथा गिअर, पूर्ण बूस्टची मागणी. गॅस्केटला यापेक्षा वाईट प्रसंग नाही. डायनोवरही (ताकद मोजायच्या यंत्रावरही) कुणी असा छळ करत नाही. आता एक गिअर खाली घेऊन मगच दाबतो. धाकटा भाऊ गाडी नेतो तेव्हा त्यालाही हेच सांगतो, आणि तो मान डोलावून चौथ्यातच दाबतो. म्हणून तर २५०० ची अट नकाशात घातली होती.

घाट उतरून आलो की लगेच किल्ली बंद करत नाही, शेवटचा किलोमीटर-दोन सावकाश. महिन्याला गार इंजिनावर टाकीची पातळी बघतो, झाकण उघडताना ‘फस्स’ होतं का ऐकतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गार गाडीत दाब राहायला नको. राहिला तर ज्वलनाचा गॅस शिरतोय असं समजायचं आणि निळी बाटली काढायची. आत्तापर्यंत ती निळीच आहे.

पुढचं काम इंटरकूलरचं, म्हणजे टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचं. कंपनीचा लहान पडतोय हे पन्हाळ्याच्या लॉगनं दाखवलंच. मोठा बसवायचा तर बंपरच्या मागचं बीम कापावं लागेल, असं मिस्त्री म्हणतात. बीम कापायचं नाही, हे मी म्हणतो. सध्या दोघंही पट्टी घेऊन रोज संध्याकाळी माप काढतोय.